स्ट्रासबर्ग, जिनिव्हा की फोर्ट? मानवी हक्कांची दाद कुठे आणि कशी मागायची

हायकोर्टाने याचिका फेटाळली, सुप्रीम कोर्टातही काही झालं नाही, की घरात कुणीतरी म्हणतंच, "आता आंतरराष्ट्रीय कोर्टात जाऊ." म्हणून पहिल्यांदा हेच सांगतो: भारतात घडलेल्या गोष्टीसाठी, भारत सरकारविरुद्ध, सामान्य माणसाला स्वतः जाता येईल असं एकही आंतरराष्ट्रीय न्यायालय नाही. "तिकडे केस टाकून देतो" म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर देऊ नका.

पण मुंबईतल्या घरातला मुलगा जॉर्जियात तिबिलिसीला एमबीबीएस करत असेल, मुलगी डब्लिनला नोकरीत असेल, भाऊ ग्रीसमध्ये शेतावर राबत असेल आणि तिथल्या पोलिसांनी, तुरुंगाने किंवा न्यायालयाने त्यांच्यावर अन्याय केला असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तिथे दार आहे. पासपोर्ट भारतीय असल्याने ते बंद होत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते मुदतीमुळे बंद होतं, आणि हा लेख मुख्यतः त्याच मुदतीसाठी आहे.

आधी ठरवा: तक्रार कोणत्या देशाविरुद्ध?

राष्ट्रांच्या वरची ही न्यायालयं माणसाविरुद्ध किंवा कंपनीविरुद्ध तक्रार घेत नाहीत, देशाविरुद्ध घेतात. मालकाने पगार बुडवला, एजंटने फसवलं, घरमालकाने पासपोर्ट ठेवून घेतला, एवढ्यावर अर्ज टिकत नाही. मग खासगी माणसाच्या छळाविरुद्ध काहीच नाही का? आहे. तुम्ही पोलिसांकडे गेलात आणि त्यांनी तक्रार घेतली नाही, सरकारी वकिलाने खटला सोडून दिला, न्यायालयाने तुम्हाला पीडित मानलंच नाही, तर हक्काचं रक्षण करण्यात तो देश कमी पडला, असं म्हणता येतं.

याचं उत्तम उदाहरण ग्रीसमधल्या मानोलादा गावचं आहे. तिथल्या स्ट्रॉबेरीच्या शेतावर बांगलादेशी मजूर कामाला होते. सात तासांचे २२ युरो आणि जादा कामाच्या तासाला ३ युरो ठरले होते. राहायला पुठ्ठा आणि प्लॅस्टिकच्या झोपड्या, नळ नाही, संडास नाही. काम करण्याचा परवाना कुणाकडेच नव्हता. थकलेला पगार मागायला ते एप्रिल २०१३मध्ये एकत्र गेले, तेव्हा मालकाच्या पहारेकऱ्याने गोळ्या झाडल्या आणि तीसजण जखमी झाले. ग्रीक न्यायालयाने मानवी तस्करीच्या आरोपातून सगळ्यांना सोडलं. मजूर फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला गेले. युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने ३० मार्च २०१७ला निकाल दिला: हे सक्तीचं काम होतं, आणि ते रोखण्यात, तपासण्यात ग्रीस कमी पडला. ४२ अर्जदारांपैकी प्रत्येकाला १२ किंवा १६ हजार युरो भरपाई मिळाली. निकाल शेतमालकाविरुद्ध नव्हता, ग्रीस या देशाविरुद्ध होता, आणि कागदपत्रांविना राहणाऱ्या परक्या मजुरांनी तो मिळवला.

मग पाहा: त्या देशाला कोणतं दार लागतं?

इथे नावांचा गोंधळ फार होतो, म्हणून थोडं सावकाश.

स्ट्रासबर्गचं युरोपियन मानवी हक्क न्यायालय युरोपियन युनियनचं नाही. ते कौन्सिल ऑफ युरोप या जुन्या आणि मोठ्या संघटनेचं आहे. तिचे सदस्य आज ४६ देश आहेत. त्यामुळे ब्रिटन युनियनमधून बाहेर पडलं तरी स्ट्रासबर्गच्या कक्षेत आहेच. तुर्कस्तान, जॉर्जिया, आर्मेनिया आणि युक्रेनही आहेत. आपल्याकडची मुलं डॉक्टरकीसाठी जिथे जातात त्यांपैकी जॉर्जिया आणि आर्मेनिया यांना हे दार लागू आहे, हे पालकांना सहसा कुणी सांगत नाही. रशिया मात्र बाहेर गेला. १६ सप्टेंबर २०२२ नंतर रशियाने केलेल्या कृत्यांची तक्रार तिथे चालत नाही. बेलारूस कधीच सदस्य नव्हता.

लक्झेंबर्गमध्ये युरोपियन युनियनचं स्वतःचं न्यायालय आहे, ते निराळं. मूलभूत हक्कांवर त्याचे निकाल वजनदार असतात, पण माणसाला तिथे सहसा थेट जाता येत नाही. खटला जर्मनी, आयर्लंड अशा देशातल्या न्यायालयात चालतो आणि तिथला न्यायाधीश युनियनच्या कायद्याचा प्रश्न लक्झेंबर्गला विचारतो. तुमच्या वकिलाने "हा प्रश्न पाठवा" अशी मागणी वेळेत करायची, एवढंच तुमच्या हातात आहे.

मध्य आशियातल्या किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान या देशांवर असं न्यायालय नाही. मात्र या तिघांनी नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराचा पहिला पर्यायी करार स्वीकारला आहे. त्यामुळे त्यांच्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मानवी हक्क समितीकडे वैयक्तिक तक्रार करता येते. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांचंही तसंच. समितीचं मत न्यायालयाच्या निकालाइतकं बांधील नसतं, पण ते जाहीर होतं आणि देशाला त्यावर उत्तर द्यावं लागतं.

अमेरिकेने हा पर्यायी करार स्वीकारलेला नाही. तिच्याविरुद्ध वॉशिंग्टनमधल्या आंतर-अमेरिकी आयोगाकडे अर्ज करता येतो, पण कोस्टारिकातल्या आंतर-अमेरिकी न्यायालयापर्यंत अमेरिकेला नेता येत नाही. आखातातल्या सहाही देशांनी वर सांगितलेला पर्यायी करार स्वीकारलेला नाही, आणि रत्नागिरी-रायगडपासून मुंबईपर्यंत कितीतरी घरांतली माणसं तिथेच आहेत. तिथे अडकलेल्यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल, तिथला भारतीय दूतावास आणि पुढे सांगितलेले संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी, हाच मार्ग उरतो.

आणि हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय? तिथे फक्त देश देशाविरुद्ध उभे राहतात. कुलभूषण जाधव यांचा खटला महाराष्ट्रात घरोघरी पाहिला गेला, त्यामुळे तिथे माणूस जाऊ शकतो असा समज पसरला. तो खटला जाधव यांनी किंवा त्यांच्या कुटुंबाने केलेला नव्हता. भारत सरकारने मे २०१७मध्ये पाकिस्तानविरुद्ध केला होता, आणि मुद्दा होता वकिलाती संबंधांच्या व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमाचा: अटक झालेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी, म्हणजे देशाच्या दूतावासाशी, बोलू दिलं नाही. १७ जुलै २०१९ला निकाल भारताच्या बाजूने लागला. न्यायालयाने शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला सांगितलं, सुटकेचा हुकूम दिला नाही. तुमच्यासाठी यातला उपयोगाचा भाग हा: परदेशात अटक झाली तर पहिल्याच तासात "मला भारतीय वकिलातीला कळवायचं आहे" असं म्हणा आणि ते लिहून घ्यायला लावा. पुढच्या प्रत्येक पायरीवर ती नोंद कामी येते.

खरी केस तिथल्या खालच्या कोर्टातच उभी राहते

स्ट्रासबर्ग असो वा जिनिव्हा, अट एकच: त्या देशातले सगळे परिणामकारक उपाय आधी संपवलेले असले पाहिजेत. नुसती वरच्या कोर्टापर्यंत चक्कर मारून चालत नाही. जो हक्क तुम्ही स्ट्रासबर्गला मांडणार, तोच तिथल्या न्यायालयात, निदान आशयाने, मांडलेला असावा लागतो. ब्रिटनमध्ये कोठडीतल्या मारहाणीची केस फक्त नुकसानभरपाईचा दावा म्हणून लढवली आणि छळाच्या मनाईचा शब्दही काढला नाही, तर स्ट्रासबर्ग म्हणतं, तुम्ही तिथल्या न्यायाधीशाला संधीच दिली नाही. म्हणून तिथल्या वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा: युरोपियन मानवी हक्क कराराचं कलम अर्जात लिहा. छळासाठी ३, सक्तीच्या कामासाठी ४, अटकेसाठी ५, न्याय्य सुनावणीसाठी ६, कुटुंब आणि खासगी आयुष्यासाठी ८. अपिलाची स्थानिक मुदत चुकली तर उपाय संपवला असं धरत नाहीत, केस तिथेच संपते.

आता स्ट्रासबर्गची मुदत. पूर्वी सहा महिने होती, १ फेब्रुवारी २०२२पासून चार महिने झाली. जुने लेख आणि काही वकीलसुद्धा अजून सहाच सांगतात.

मोजायची कशी, ते उदाहरणाने. शेवटचा निकाल १२ मार्चला हाती आला, तर मोजणी १३ मार्चपासून, आणि शेवटचा दिवस १२ जुलै. २०२६मध्ये १२ जुलैला रविवार आहे. आपल्याकडे कोर्टाची सुट्टी असली की मुदत पुढच्या कामाच्या दिवसावर जाते, त्या सवयीने लोक सोमवारी पाठवतात. स्ट्रासबर्गला रविवार, सण, सुट्टी काहीही चालत नाही, तिथे १२ म्हणजे १२. टपालाचा शिक्का ज्या तारखेचा, तीच अर्जाची तारीख. त्यामुळे मुंबईतून पाठवत असाल तर निदान दोन आठवडे हाती ठेवा, सीएसएमटीजवळच्या जीपीओतून पावती मिळणाऱ्या टपालाने पाठवा, शिक्का स्पष्ट उमटला आहे ना ते पाहा आणि पावतीचा लगेच फोटो काढा.

अजून एक घसरगुंडी. शेवटचा निकाल लागल्यावर लोक दयेचा अर्ज, फेरविचाराचा अर्ज, लोकपालाकडे तक्रार असं काहीतरी करत राहतात, त्यात आशा असते. पण असे जादा उपाय सहसा परिणामकारक धरत नाहीत, आणि चार महिने आधीच्या खऱ्या निकालापासूनच चालू असतात. ते अर्ज करायचेच तर करा, पण स्ट्रासबर्गचा अर्ज त्यांच्यासाठी थांबवू नका.

जिनिव्हाच्या मानवी हक्क समितीत मुदत ऐसपैस आहे: स्थानिक उपाय संपल्यापासून पाच वर्षं उलटली तर तक्रार सहसा उशिराची मानतात. मात्र तीच तक्रार आधी जिनिव्हाला केली असेल, तर स्ट्रासबर्ग ती घेत नाही. दोन्ही दारं उघडी असतील तर एकच निवडायचं, आणि घाई असलेलं दार स्ट्रासबर्गचं आहे, हे लक्षात घेऊन निवडायचं.

अर्जाचा फॉर्म

स्ट्रासबर्गला फी नाही, आणि सुरुवातीला वकीलही सक्तीचा नाही. फॉर्म त्यांच्या संकेतस्थळावरूनच घ्या आणि ज्या दिवशी भरायला बसाल त्याच दिवशी घ्या, कारण तो बदलत असतो आणि जुना चालत नाही. इंग्रजीत भरला तर चालतो. मराठी कागद असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा.

घटनेसाठी तीन पानं, हक्कभंगासाठी दोन पानं आणि उपाय-मुदतीची अट पाळल्याचं दाखवायला एक पान, एवढीच जागा असते. वेगळं टिपण जोडता येतं, पण २० पानांच्या वर नाही. मोठी चूक इथे होते: लोक फॉर्मच्या चौकटीत "सोबतचं टिपण पाहा" एवढंच लिहितात. नियम असा की नुसता फॉर्म वाचून काय झालं, कोणता हक्क मोडला आणि उपाय कसे संपले हे कळलं पाहिजे. कळलं नाही तर अर्ज विचारात घेतलाच जात नाही, आणि तोवर घड्याळ थांबत नाही. परत पाठवायचा तर पूर्ण अर्ज, त्याच चार महिन्यांत. म्हणून लवकर पाठवण्याला किंमत आहे.

घटना लिहिताना तारखेने सुरुवात करा: अमुक दिवशी अटक, अमुक दिवशी डॉक्टरने तपासलं, अमुक दिवशी तक्रार दिली, अमुक दिवशी ती फेटाळली. प्रत्येक तारखेपुढे कागदाचा क्रमांक. विशेषणं काढून टाका. "अमानुष मारहाण केली" यापेक्षा "उजव्या मनगटाचं हाड मोडलं, वैद्यकीय अहवाल, कागद ७" हे न्यायाधीशाला जास्त सांगतं.

कागद तारखेच्या क्रमाने लावा, पानांना सलग क्रमांक द्या, स्टेपल करू नका, बाइंडिंग नको. मूळ कागद कधीही पाठवू नका, फक्त प्रती. निकाल सगळ्या पायऱ्यांचे लागतात, शेवटचा एकटा पुरत नाही. अर्जदाराची सही खरी, शाईची हवी, आणि प्रतिनिधी नेमला असेल तर त्याचीही, फॉर्ममधल्या त्याच रकान्यात. मुंबईतल्या कुटुंबाची अडचण इथे होते: मुलगा तिकडच्या तुरुंगात आणि फॉर्म इकडे. सहीसाठी फॉर्म त्याच्यापर्यंत जाऊन परत येण्याचे दिवस मुदतीतून आधीच वजा करा. माणूस दगावला असेल तर आई-वडील, पती-पत्नी, मुलं स्वतः अर्जदार होऊ शकतात. नोटरी, ॲपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणूनचा सरकारी दाखला), शंभराचा स्टॅम्प पेपर यातलं न्यायालय काही मागत नाही. तिथल्या स्थानिक कोर्टाला लागलं तर ते वेगळं.

पुढे काय होतं? बहुसंख्य अर्ज एकच न्यायाधीश अमान्य ठरवतो आणि त्यावर अपील नाही. टिकलेला अर्ज तिघांच्या समितीकडे किंवा सातजणांच्या पीठाकडे जातो, देशाला नोटीस निघते. त्यानंतर वकील लागतो, आणि ऐपत नसेल तर कायदेशीर मदतही तेव्हाच मागता येते. गंभीर प्रश्नांसाठी १७ न्यायाधीशांचं मोठं पीठ आहे. सगळं होईपर्यंत वर्षं जातात. जिंकल्यावर मिळतं ते असं: हक्क मोडला अशी घोषणा, बहुधा काही भरपाई, आणि निकाल पाळला जातोय ना यावर कौन्सिल ऑफ युरोपच्या देशांच्या मंत्र्यांच्या समितीची देखरेख. तिथल्या कोर्टाचा निकाल स्ट्रासबर्ग रद्द करत नाही, हे कुटुंबाला सुरुवातीलाच समजावून सांगा.

उद्या विमानात बसवणार असतील तर

देशाबाहेर पाठवल्यावर जिवाला किंवा छळाचा खरा धोका असेल, तर स्ट्रासबर्गच्या न्यायालयाकडे त्याच्या नियम ३९खाली अंतरिम, म्हणजे तात्पुरता, आदेश मागता येतो. याला फॉर्मची वाट पाहायची नसते. अर्जाच्या वरच "नियम ३९ – तातडीचे" असं लिहायचं, आणि विमानाचा दिवस, वेळ, माणूस कुठे कोंडलाय, तिथल्या न्यायालयांचे शेवटचे निकाल आणि धोक्याचे ठोस पुरावे द्यायचे. व्हिसा संपला, शिक्षण अर्धवट राहील, कर्ज फिटणार नाही, यासाठी हा आदेश मिळत नाही.

छळाच्या मनाईच्या याच तिसऱ्या कलमाची दुसरी बाजू मुंबईने पाहिली आहे. विजय मल्ल्या यांच्या प्रत्यार्पणाच्या खटल्यात लंडनच्या न्यायालयासमोर प्रश्न होता की आर्थर रोड तुरुंगाच्या १२ नंबरच्या बराकीत ठेवणं अमानुष वागणूक ठरेल का. बराकीची चित्रफीत तिथे सादर झाली, उजेड आणि हवा यांवर वाद झाला, आणि डिसेंबर २०१८मध्ये न्यायालयाने धोका नाही असं ठरवलं. स्ट्रासबर्गने २०१६मध्ये क्रोएशियाविरुद्धच्या मुर्शिच खटल्यात ठरवलेला हिशोब असा: सामाईक कोठडीत कैद्याच्या वाट्याला तीन चौरस मीटरपेक्षा कमी जागा आली, तर हक्कभंग झाला असंच सुरुवातीला धरलं जाईल. आपल्या भाषेत साधारण ३२ चौरस फूट. लोकलच्या गर्दीची सवय असलेल्या शहरात हा आकडा ऐकून कुणी खांदे उडवेल, पण कोठडीतून पुढच्या स्टेशनला उतरता येत नाही.

घटना मुंबईतलीच असेल तर

मग दार फोर्टमध्ये आहे. मुंबई उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या २२६व्या कलमाखाली रिट याचिका, किंवा थेट सर्वोच्च न्यायालयात ३२व्या कलमाखाली. महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगही मुंबईतच आहे. तिथे फी नाही, साध्या कागदावर मराठीत तक्रार चालते. पण घटनेपासून एक वर्षाच्या आत. तेच प्रकरण राज्य आयोगापुढे चालू असेल तर राष्ट्रीय आयोग ते घेत नाही, तेव्हा दोन्हीकडे एकदम अर्ज टाकण्याची हौस करू नका. आयोग शिफारस करतो, हुकूम नव्हे. अटकेतल्या माणसाच्या सुटकेसाठी आयोगाची वाट पाहत बसू नये, हायकोर्टात हेबियस कॉर्पसच (कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारी याचिका).

करार मात्र इथेही कामाचे आहेत. भारताने नागरी आणि राजकीय हक्कांचा करार १९७९मध्ये, बालहक्क करार १९९२मध्ये, महिलांवरील भेदभावाविरुद्धचा करार १९९३मध्ये आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००७मध्ये स्वीकारला. छळविरोधी करारावर १९९७मध्ये फक्त सही केली, मान्यता दिली नाही. सही आणि मान्यता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बालहक्क कराराचे दोन पर्यायी करारही भारताने स्वीकारले आहेत, पण ते बालसैनिक आणि मुलांची विक्री यांबद्दलचे, वैयक्तिक तक्रारीचे नव्हेत. नाव वाचून फसू नका.

याचिकेत करार कसा वापरायचा हे १३ ऑगस्ट १९९७च्या विशाखा निकालात दिसतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध तेव्हा कायदा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने घटनेची १४, १९ आणि २१ ही कलमं महिला कराराच्या उजेडात वाचली आणि कायदा येईपर्यंत पाळायच्या सूचना घालून दिल्या. कायदा आला २०१३मध्ये. म्हणून आधाराच्या परिच्छेदांत क्रम असा ठेवा: प्रथम घटनेचं कलम, मग भारताने मान्य केलेल्या कराराचं कलम आणि मान्यतेचं वर्ष, मग असलाच तर आपल्याच न्यायालयाचा निकाल, आणि सगळ्यात शेवटी स्ट्रासबर्गचा निकाल. तो इथे बंधनकारक नाही, पटवण्यापुरता आहे. उलट क्रमाने लिहिलेली याचिका पहिल्याच सुनावणीत "हे आम्हाला लागू कसं?" या प्रश्नात अडकते.

त्याच्या जोडीला संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधींना लिहिता येतं. मनमानी अटक, छळ, स्थलांतरित कामगार, घराचा हक्क अशा विषयांचे वेगवेगळे प्रतिनिधी आणि गट आहेत. यासाठी देशाने करार मान्य केलेला असण्याची किंवा स्थानिक उपाय संपवण्याची अट नाही, म्हणून भारत आणि आखात दोन्हींसाठी हा मार्ग खुला आहे. ऑनलाइन अर्ज इंग्रजीत, दोन पानांत: कुणाला, कधी, कुठे, कुणी, काय केलं, आणि आजवर कुठे तक्रार दिली. त्यांना पटलं तर ते सरकारला पत्र लिहितात. पीडिताची संमती लागतेच. जाहीर अहवालात नाव नको असेल तर तसं स्पष्ट लिहा, पण सरकारला पाठवायच्या पत्रात सहसा नाव जातं. घरच्यांवर, नोकरीवर त्याचा काय परिणाम होईल हे त्या माणसाशी बोलून, त्याच्या तोंडून होकार घेऊनच अर्ज पाठवा.